जुनें यंत्र, गोंडी अक्षर

घरगुती संगणक नवे होते तेव्हां त्यांची ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे यंत्राचा कारभार पाहणारी प्रणाली, चिपमध्यें कायमची कोरलेली असे. १९८१ सालीं निघालेल्या ‘बीबीसी मायक्रो’ या ब्रिटिश यंत्राची प्रणाली सुधारावयाची तर झांकण उघडून जुनी चिप उपटावी व नवी बसवावी लागे. एखादा पाय वांकला कीं श्रम फुकट! १९८४ मध्यें ‘क्लास’ योजनेखालीं हीं यंत्रें भारतीय शाळांत आलीं; पण त्यांतलीं घडीव अक्षरें रोमन.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यांत बोलली जाणारी गोंडी तर फारच मागें राहिली. मुन्शी मंगलसिंग मसराम यांनीं तिच्यासाठीं १९१८ मध्यें लिपि रचली. युनिकोड या जागतिक अक्षरसूचींत त्या लिपीला स्थान मिळावयास २०१७ साल उजाडलें. त्यापूर्वींची प्रणाली असलेल्या यंत्रांत नुसता फॉन्ट घालून भागत नाहीं. जोडाक्षरें जुळविण्याचे नियम त्याच्या गांवींच नसतात. आतां चिप उपटावी लागत नाहीं हें खरें, परंतु निर्माताच जुन्या यंत्रांसाठीं नवी प्रणाली देणें थांबवितो. मातृभाषा लिहितां यावी म्हणून एखाद्या गोंडी घरानें चालतें यंत्र मोडींत टाकावें काय? माझ्या मतें नाहीं. लिनक्ससारखी मुक्त प्रणाली अशा पुष्कळ यंत्रांवर चढते, आणि नोटो मालिकेंतील मसराम गोंडीचा फॉन्ट विनामूल्य मिळतो.