तांब्याच्या नळ्यांची जोडणी

तांब्याच्या नळ्यांची जोडणी म्हणजे पाणी, इंधनवायू, प्रशीतक किंवा वैद्यकीय वायू वाहून नेणाऱ्या तांब्याच्या नळ्या परस्परांना गळतीविरहित रीतीने जोडण्याचे काम होय. डाखकाम (सोल्डरिंग), झाळकाम (ब्रेझिंग) आणि यांत्रिक जोड हे तिचे तीन मुख्य प्रकार आहेत. नळीतून काय वाहणार, त्याचा दाब किती आणि आग लागल्यास जोड टिकला पाहिजे की नाही, यांवरून पद्धत ठरते.

इतिहास
इजिप्तमधील अबुसिर येथे पाचव्या राजवंशातील साहुरे या राजाच्या पिरॅमिड-मंदिरात सांडपाण्यासाठी वापरलेल्या तांब्याच्या नळ्या सापडल्या आहेत. त्या ठोकून केलेल्या पत्र्याच्या होत्या. पातळ भिंतीच्या अखंड नळ्या आणि त्यांवर नेमके बसणारे जोडतुकडे (फिटिंग) विसाव्या शतकात प्रचारात आले. त्यामुळे नळीवर आटे पाडण्याची गरज उरली नाही.

नळ्यांचे प्रकार
कठीण नळ्या सरळ लांबीत, तर तापवून मऊ केलेल्या नळ्या वेटोळ्यांत मिळतात. युरोपीय मानकानुसार नळी बाहेरील व्यासावरून ओळखली जाते. घरगुती कामात १५, २२ व २८ मिमी ही मापे नेहमीची आहेत. अमेरिकेत भिंतीच्या जाडीनुसार के, एल आणि एम असे प्रकार असून त्यांपैकी के सर्वांत जाड असतो.

पूर्वतयारी व हत्यारे
नळी चाकाच्या पाइप कटरने कापतात. कटर नळीभोवती फिरवत स्क्रू थोडाथोडा आवळल्यास छेद काटकोनात येतो. एकदम आवळल्यास नळी दबून तिचा गोलाकार बिघडतो. कापताना आतील कडेवर उठलेली धार रीमरने काढावी लागते. ती तशीच राहिल्यास तेथे पाण्याचा प्रवाह खवळतो व कालांतराने नळी आतून झिजते. नंतर नळीचे टोक बारीक एमरी कापडाने आणि जोडतुकड्याची आतील बाजू तारेच्या ब्रशने चकचकीत होईपर्यंत घासतात. वळणासाठी स्प्रिंग किंवा बेंडर वापरतात.

डाखकाम
डाखकामात ४५० अंश सेल्सिअसपेक्षा कमी तापमानाला वितळणारा मिश्रधातू वापरतात. तांबे स्वतः १०८५ अंशांना वितळत असल्याने नळीला धोका पोहोचत नाही. घासलेल्या पृष्ठभागावर अभिवाहाचा (फ्लक्स) पातळ थर देतात. हा पदार्थ ऑक्साइडचा थर काढून टाकतो आणि तापवताना नवा थर बनू देत नाही. तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई करताना नवसागर हेच काम करतो.

नळी जोडतुकड्यात पूर्ण बसवून ज्योत मुख्यतः जोडतुकड्यावर धरतात. डाखाची तार ज्योतीच्या विरुद्ध बाजूने टेकवून पाहतात. ती धातूच्या उष्णतेनेच वितळली तर जोड तयार आहे असे समजतात. वितळलेला डाख केशाकर्षणाने दोन्ही पृष्ठभागांमधील अरुंद फटीत ओढला जातो, अगदी गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध दिशेनेही. जोडाचे बळ या आत शिरलेल्या थरात असते. बाहेर साचलेल्या गोळ्याने ते वाढत नाही. जोड थंड होईपर्यंत हलवू नये व उरलेला अभिवाह ओल्या फडक्याने पुसून घ्यावा.

पूर्वी कथिल व शिसे यांचा डाख सर्रास वापरला जाई. शिसे पाण्यात उतरते आणि लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस ते विशेष घातक असते. अमेरिकेत १९८६ मधील कायदेदुरुस्तीने पिण्याच्या पाण्याच्या नळकामात असा डाख वापरण्यास बंदी आली. आता कथिल-तांबे किंवा कथिल-चांदी यांचे मिश्रधातू वापरले जातात.

झाळकाम
झाळकामात भरणधातू ४५० अंशांपेक्षा अधिक तापमानाला वितळतो. तांबे-फॉस्फरस मिश्रधातूच्या कांडीने तांब्याला तांबे जोडताना वेगळा अभिवाह लागत नाही, कारण फॉस्फरसच ते काम करतो. पितळी भागासाठी मात्र अभिवाह लागतो आणि लोखंड किंवा पोलादासाठी ही कांडी वर्ज्य आहे, कारण तेथे जोड ठिसूळ होतो.

एवढ्या तापमानाला नळीच्या आत काळी खपली धरते. ती टाळण्यासाठी काम चालू असताना नळीतून नायट्रोजनचा मंद प्रवाह सोडतात. वातानुकूलन यंत्रात ही खपली सुटल्यास बारीक मार्ग तुंबतात. रुग्णालयातील ऑक्सिजनच्या नळ्यांसाठी झाळकामच करतात. आग लागल्यास डाख लवकर वितळेल आणि बाहेर पडणारा ऑक्सिजन आग भडकवेल. या नळ्या आतून तेलविरहित केलेल्या असतात आणि जोडेपर्यंत त्यांची टोके बंद ठेवतात.

यांत्रिक जोड
दाबजोडात (कॉम्प्रेशन) नट आवळल्यावर पितळी कडी नळीवर घट्ट बसते. अधिक आवळल्याने जोड अधिक पक्का होतो हा गैरसमज आहे. कडी व नळी दोन्ही चेपून गळती सुरू होते. फ्लेअर जोडात मऊ नळीचे टोक कर्ण्यासारखे पसरवतात; नट त्याआधीच नळीवर चढवावा लागतो. वातानुकूलन यंत्रांच्या जोडणीत हा प्रकार सर्वत्र दिसतो. प्रेस जोडात रबरी कडी असलेला तुकडा यंत्राच्या जबड्याने दाबून बसवतात. ज्योत लागत नसल्याने वापरात असलेल्या इमारतींत तो सोयीचा ठरतो.

दोष व चाचणी
नळीत थोडे पाणी राहिले तरी उष्णता शोषली जाऊन डाख नीट पसरत नाही. म्हणून नळी आधी पूर्ण रिकामी करतात. जास्त तापवल्यास अभिवाह जळतो व डाख पृष्ठभागाला धरत नाही. तांबे जस्तलेपित लोखंडी नळाला थेट जोडल्यास ओलाव्यात लोखंडी भाग लवकर गंजतो. लाकडाजवळ ज्योत वापरताना उष्णतारोधक पडदा व अग्निशामक हाताशी ठेवतात.

नळ्या भिंतीत बुजवण्यापूर्वी दाबचाचणी करणे आवश्यक असते. वायूच्या नळीवरील गळती साबणाच्या पाण्याच्या बुडबुड्यांवरून शोधतात. त्यासाठी ज्योत कधीही वापरू नये.