परवडणारा लॅपटॉप : निवड आणि खरेदी

बारावीचे निकाल लागले आणि एमसेटचे रँक हाती आले की सभासदांकडून एक प्रश्न हमखास येतो : मुलासाठी, मुलीसाठी लॅपटॉप घ्यायचा आहे, चाळीस हजारांच्या आसपास कोणता घ्यावा? दसरा-दिवाळीच्या सेलच्या वेळी हाच प्रश्न ज्येष्ठ सभासद विचारतात, फक्त त्यांचा आकडा थोडा खालचा असतो. प्रत्येकाला फोनवर वेगळे सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवावे, म्हणून ही माहिती.

एखाद्या मॉडेलचे नाव सांगून आम्ही मोकळे होत नाही, याचे कारण साधे आहे. मॉडेल चार-सहा महिन्यांत बदलतात आणि किमती त्याहून लवकर. शिवाय २०२५ च्या अखेरीपासून जगभर मेमरी चिपचे भाव चढले आहेत, त्यामुळे गेल्या वर्षी शेजाऱ्यांनी किती दिले हे आज फारसे उपयोगाचे नाही. लॅपटॉप पारखायचा कसा, हे मात्र इतक्या लवकर जुने होत नाही.

पारखण्याची आमची कसोटी एकच आहे. यंत्रातले काही भाग नंतर बदलता येतात, काही मुळीच येत नाहीत. जे बदलता येत नाही त्यासाठी आज पैसे द्यावेत. जे बदलता येते त्यात आज काटकसर चालते. दुकानदार आणि जाहिरात नेमके उलट करतात. स्टिकरवर मोठ्या अक्षरांत असते ते १ टीबी स्टोरेज, सोबतची बॅग आणि माउस. आणि ज्यावर लॅपटॉपचे आयुष्य ठरते ते बारीक अक्षरांत.

प्रोसेसर नंतर बदलता येत नाही, तो मदरबोर्डवर कायमचा बसवलेला असतो. ‘आय ३’, ‘आय ५’ एवढे ऐकून निर्णय घेऊ नये, पुढचा आकडा वाचावा. आय ३-१२१५यू मधले १२ म्हणजे बारावी पिढी, आणि हा बारावा आय ३ आठव्या पिढीच्या आय ५ पेक्षा सरस आहे. उलट आय ३-एन३०५ नावाने आय ३ असला तरी त्यात फक्त वीज वाचवणारे छोटे कोअर आहेत. इंटेलने २०२३ पासून लॅपटॉपसाठी सेलेरॉन आणि पेंटियम ही नावे बंद केली आणि त्या जागी नुसते ‘इंटेल प्रोसेसर’ हे नाव आणले. एन१०० वगैरे त्यातलेच. नाव भारदस्त वाटते. काम जेमतेम ब्राउझर, पत्रलेखन आणि व्हिडिओ कॉलपुरते. नवीन पद्धतीत ‘कोअर ३’, ‘कोअर ५’ अशी आयशिवायची नावेही दिसतात.

एएमडीच्या रायझनमध्ये तर आकड्यांचा खेळ पाहण्यासारखा आहे. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू ही नावे शेजारी ठेवली तर सख्खी भावंडे वाटतात. या मालिकेत तिसरा अंक आतली रचना सांगतो. ७५२०यू मधला २ म्हणजे ‘झेन २’, ही रचना २०१९ ची; कोअर चार. ७५३०यू मधला ३ म्हणजे ‘झेन ३’, कोअर सहा. दोन्हींवर ‘रायझन ५’ असेच स्टिकर असते. दोहोंच्या किमतीत चार-पाच हजारांचा फरक असला तर तो द्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दुसरी कायमची गोष्ट म्हणजे रॅम, आणि फसगत सर्वांत जास्त इथेच होते. पूर्वी रॅम नेहमी सुटी असे, खाचेत बसवलेली. आज अनेक स्वस्त आणि पातळ लॅपटॉपमध्ये ती मदरबोर्डवर सोल्डर केलेली असते. ‘आत्ता ८ जीबी घ्या, पुढे वाढवू’ हे वाक्य तिथे खोटे ठरते. वर सांगितलेल्या ७५२०यू सोबत येणारी मेमरी सोल्डर केलेलीच असते. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने किमान ४ जीबी सांगितली आहे, पण ती सुरू होण्यापुरती. ८ जीबी असली तरी विंडोज, अँटिव्हायरस आणि ब्राउझरचे पाच-सात टॅब मिळून तिचा बराच भाग खातात, आणि वेगळे ग्राफिक्स कार्ड नसले की पडदाही त्याच रॅममधून वाटा घेतो. म्हणून नियम असा ठेवावा : रॅम सोल्डर केलेली असेल तर १६ जीबीच घ्यावी, खाच रिकामी असेल तर ८ चालेल. मात्र मेमरी महाग झाल्यापासून ‘नंतर वाढवू’ हे पूर्वीसारखे स्वस्त राहिलेले नाही, तेव्हा शक्य असल्यास सुरुवातीलाच १६.

दुकानात हे तपासायला एक मिनिट लागते. मांडलेल्या लॅपटॉपवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्स, मग मेमरी. तिथे किती खाचांपैकी किती वापरात आहेत ते दिसते. ‘फॉर्म फॅक्टर’समोर ‘सोडिम’ असेल तर रॅम सुटी. ‘रो ऑफ चिप्स’ असेल तर चिकटवलेली. सेल्समनला विचारण्यापेक्षा हा पुरावा बरा.

तिसरी गोष्ट पडदा. पुढची चार-पाच वर्षे डोळे त्याच्यावरच असणार आहेत. १९२० गुणिले १०८० याखाली जाऊ नये. १३६६ गुणिले ७६८ चे पडदे अजून स्वस्त मॉडेलमध्ये विकले जातात. पडदा ‘आयपीएस’ आहे का ते विचारावे. ‘टीएन’ पडदा बाजूने किंवा वरून पाहिला की रंग उडालेले दिसतात. दुकानात झगझगीत दिवे असतात, तेव्हा लॅपटॉप थोडा तिरका करून स्वतः पाहावे, आणि सत्तरीतल्या सभासदांनी आपला रोजचा चष्मा लावून पाहावे.

स्टोरेजचे मात्र उलट. एसएसडी बहुतेक लॅपटॉपमध्ये बदलता येते, म्हणून ५१२ जीबी पुरे. १ टीबीसाठी कमी दर्जाचा प्रोसेसर स्वीकारू नये. फक्त ‘ईएमएमसी’ नावाचे स्टोरेज टाळावे. तेही सोल्डर केलेले असते, आणि ६४ जीबीत विंडोजचे अपडेटसुद्धा नीट मावत नाहीत.

कोणाला किती

वाणिज्य शाखा, सीए, बँकेच्या परीक्षा यांसाठी बारावी किंवा पुढच्या पिढीचा आय ३ आणि वर सांगितल्याप्रमाणे रॅम, एवढे भरपूर आहे. टॅली फक्त विंडोजवर चालते, त्यामुळे या मुलांसाठी क्रोमबुक कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. अभियांत्रिकीची बहुतेक मुले पहिल्या वर्षी सी किंवा पायथन शिकतात. त्याला ग्राफिक्स कार्ड लागत नाही. मेकॅनिकल, सिव्हिल आणि आर्किटेक्चरला पुढे कॅडची कामे येतात, तिथे लागू शकते. घाई न करता कॉलेज सुरू होऊ द्यावे आणि विभागाकडून यादी घ्यावी. ‘गेमिंग लॅपटॉप अभ्यासासाठी लागतो’ या युक्तिवादाची छाननी पालकांनी कर्जाच्या अर्जासारखी करावी.

ज्येष्ठांसाठी नवीन लॅपटॉप लागतोच असे नाही. घरातला २०१५-१६ चा संथ लॅपटॉप बहुतेक वेळा हार्ड डिस्कमुळे संथ असतो. त्यात एसएसडी बसवली की तो ओळखू येत नाही इतका चपळ होतो. अडचण वेगळीच आहे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच चालते. अशा जुन्या यंत्रावर लिनक्स मिंट घालून बातम्या, यूट्यूब आणि व्हिडिओ कॉल छान चालतात. नेट बँकिंग मात्र सुरक्षा अपडेट बंद झालेल्या विंडोजवर करू नये.

सेकंडहँड की नवीन

कंपन्या आपले लॅपटॉप तीन-चार वर्षांनी एकदम विकून टाकतात. तेच सिकंदराबादच्या पार्कलेनवरील चेनॉय ट्रेड सेंटरमध्ये, म्हणजे आपल्या सीटीसीत, ‘रिफर्बिश्ड’ म्हणून मिळतात. थिंकपॅड टी सीरिज, डेल लॅटिट्यूड, एचपी एलिटबुक ही यंत्रे ऑफिससाठी घडवलेली असतात. कीबोर्ड दणकट, बिजागऱ्या पक्क्या, आणि जुन्या मॉडेलांत रॅमच्या खाचाही दोन. वीस-पंचवीस हजारांत नवीन घेतल्यास एन१०० च्या पलीकडे फारसे काही मिळत नाही. त्यापेक्षा दहाव्या-अकराव्या पिढीचा चांगला रिफर्बिश्ड आम्ही घेऊ.

पण तिथे डोळे उघडे हवेत. थिंकपॅड टी४८० किंवा लॅटिट्यूड ७४९० या एकाच नावाखाली सातव्या पिढीचा आणि आठव्या पिढीचा असे दोन्ही प्रोसेसर आलेले आहेत. सातव्या पिढीवर अधिकृत विंडोज ११ नाही. बॅटरीसाठी दुकानदाराला विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढायला सांगावे. त्यात ‘डिझाइन कपॅसिटी’ आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ असे दोन आकडे असतात. दुसरा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल तर नव्या बॅटरीची किंमत वजा करून बोलावे. बायॉसला पासवर्ड नाही याची खात्री करावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, समोर विंडोज रिसेट करायला लावावे. इंटरनेट जोडल्यावर एखाद्या कंपनीचे नाव आणि त्यांचे लॉगिन मागितले गेले, तर ते यंत्र अजून त्या कंपनीच्या नोंदीत आहे. कितीही स्वस्त असले तरी हात लावू नये. बिल जीएसटीसह, सीरियल नंबर लिहिलेले. वॉरंटी किती महिन्यांची आणि कशाकशाची, तेही बिलावरच.

पैशाचा हिशेब

आयकर कायद्यात संगणकावरील घसाऱ्याचा दर ४० टक्के आहे (२०१७ पूर्वी ६० होता). सरकारनेच मान्य केले आहे की ही वस्तू झपाट्याने उतरते; तेव्हा लॅपटॉपकडे गुंतवणूक म्हणून न पाहता दरवर्षीचा खर्च म्हणून पाहावे. २८ हजारांचा लॅपटॉप अडीच वर्षांत दमला तर वर्षाला ११,२०० रुपये पडले. ४२ हजारांचा पाच वर्षे टिकला तर ८,४००. म्हणून सर्वांत स्वस्त तो परवडणारा असे नेहमीच नसते, आणि सत्तर हजारांचा दहा वर्षे जाईल या भरवशावरही राहू नये.

‘नो कॉस्ट ईएमआय’बद्दल बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसांनी दोन शब्द बोललेच पाहिजेत. शून्य टक्के व्याज ही कल्पनाच अस्तित्वात नाही, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ च्या परिपत्रकात म्हटले आहे. होते असे की विक्रेता व्याजाइतकी सूट आधी देतो आणि बँक ते व्याज आकारते. समजा ४२ हजारांचा लॅपटॉप सहा हप्त्यांत, ७,००० चा एक हप्ता, दर १५ टक्के. त्यात व्याज सुमारे १,७७८ रुपये. ते सुटीत वळते झाले तरी त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे ३२० रुपये, आपणच भरतो. प्रक्रिया शुल्क आणि त्यावरचा जीएसटी वेगळा. रोख किंवा एकरकमी कार्डावर जी सूट मिळाली असती ती गेली, ते आणखी. ही रक्कम मोठी नाही. खरा तोटा असा की हप्ता लहान दिसतो म्हणून माणूस साठ हजारांच्या यंत्रापर्यंत पोचतो. लॅपटॉपवर जीएसटी १८ टक्के आहे. घरात कोणाचा नोंदणीकृत व्यवसाय असेल आणि यंत्र खरोखरच व्यवसायासाठी असेल, तर बिल त्या जीएसटी क्रमांकावर घ्यावे.

ऑनलाइन घेतल्यास खोके उघडताना सलग व्हिडिओ काढावा. विक्रेत्याचे नाव पाहावे, कारण एकाच साइटवर अनेक विक्रेते असतात. कंपनीच्या संकेतस्थळावर सीरियल नंबर टाकून वॉरंटी कधीपासून सुरू दिसते ते त्याच दिवशी तपासावे. ती अनेकदा माल कारखान्यातून निघाल्याच्या तारखेपासून दिसते आणि बिल पाठवल्यावर दुरुस्त होते. दोन वर्षांनी हे करायला गेले तर बिलाची शाई उडालेली असते, म्हणून बिलाचा फोटो काढून ठेवावा. लॅपटॉप नांदेड-परभणीकडच्या भाच्याला पाठवायचा असेल तर घरी येऊन दुरुस्तीची सोय त्या पिनकोडला आहे का ते आधी विचारावे. विक्रेत्याने दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते.

घरी आणल्यावर

मराठी टायपिंगसाठी वेगळे सॉफ्टवेअर विकत घेऊ नये. विंडोजच्या भाषा सेटिंगमध्ये मराठी जोडले की इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही कीबोर्ड फुकट मिळतात, आणि मजकूर युनिकोडमध्ये येतो. स्मरणिकेसाठी लेख पाठवणाऱ्यांनी कृपया हेच वापरावे. जुन्या फाँटमधला लेख आमच्याकडे उघडला की नुसती चिन्हे दिसतात.

शेवटची गोष्ट ज्येष्ठांसाठी. पहिल्यांदा सुरू करताना विंडोज मायक्रोसॉफ्टचे खाते मागते, आणि घाईत पुतण्या किंवा दुकानातला मुलगा स्वतःचे खाते घालून देतो. नवीन लॅपटॉपमध्ये डिस्क बहुधा आपोआप कुलूपबंद होते आणि त्या कुलपाची रिकव्हरी की त्याच खात्यात जमा होते. पुढे कधी यंत्राने ती की मागितली तर कुटुंबाचे सगळे फोटो आणि कागदपत्रे दुसऱ्याच्या खात्यावर अवलंबून राहतात. म्हणून खाते आपल्याच ईमेलने उघडावे, पासवर्ड वहीत लिहावा, रिकव्हरी कीचे ४८ आकडे कागदावर उतरवावेत आणि तो कागद लॉकरच्या चावीसोबत ठेवावा.