होस्ट्स फाइल: इंटरनेटची जुनी फोन डायरी

आजचा एपिसोड इतिहासाचा आहे, पण सुरुवात माझ्या एका शनिवारच्या रात्रीपासून करते. एकतर ती रात्र अजून डोक्यातून जात नाही, आणि दुसरं म्हणजे तिचा थेट संबंध १९७०च्या दशकातल्या एका ऑफिसशी आहे.

तर झालं असं. आमचा डेटाबेस जुन्या मशीनवरून नव्या मशीनवर हलवायचा होता. तयारी व्यवस्थित होती. डीएनएसमध्ये डेटाबेसच्या नावापुढचा पत्ता बदलायचा, की ॲप्लिकेशनचे चारही सर्व्हर आपोआप नव्या मशीनकडे जाणार. जुना पत्ता कुणाच्या लक्षात राहू नये म्हणून त्या रेकॉर्डचा टीटीएल, म्हणजे उत्तर किती वेळ साठवून ठेवायचं तो काळ, दोन दिवस आधीच ३०० सेकंदांवर आणला होता. रात्री साडेअकराला आमच्या ज्युनिअरने पत्ता बदलला. सगळं हिरवं. मी चहा केला.

एक वाजता तक्रारी सुरू झाल्या. लोक म्हणत होते, ऑर्डर दिली, दिसली, रिफ्रेश केलं तर गायब. परत रिफ्रेश, परत हजर. सिस्टिमवाल्यांना हे लक्षण ओळखीचं वाटेल. चारपैकी एक सर्व्हर वेगळं काहीतरी बघत होता. मी ज्युनिअरला कॉलवर, मॅनेजर ऐकत असताना, म्हटलं, "तू रेकॉर्ड नीट बदललंच नाहीयेस." तो म्हणाला, "मॅम, बदललंय, डिग करून बघितलंय." त्याने स्क्रीनशॉट पाठवला. डिग बरोबर उत्तर देत होतं. तरी मी म्हटलं, "मग कॅशे क्लिअर केला नसशील." त्याने परत केला. परत तेच. मी दोन तास त्याच्याच मागे लागले होते.

साडेचारला मी चौथ्या सर्व्हरवर शिरून साधं पिंग मारलं. पत्ता जुना! त्याच मशीनवर डिग नवा पत्ता सांगतंय आणि पिंग जुन्याकडे जातंय. असं झालं की एकच जागा बघायची असते, ईटीसी फोल्डरमधली होस्ट्स नावाची फाइल. उघडली. डेटाबेसचं नाव, शेजारी जुना पत्ता, आणि पुढे एक कॉमेंट: "टेम्पररी, नंतर काढणे". त्याच्यापुढे तीन वर्षांपूर्वीची तारीख आणि कुणाचीतरी आद्याक्षरं.

आद्याक्षरं माझी होती.

थांबा, त्याकडे येऊ. आधी ही फाइल आली कुठून ते बघू. कारण ही एवढीशी टेक्स्ट फाइल डीएनएसच्या आधीची आहे. एके काळी हीच, एवढीच, अख्ख्या नेटवर्कची यादी होती.

आर्पानेटवरचा पहिला संदेश गेला २९ ऑक्टोबर १९६९ला. सुरुवातीला मशीन इतकी कमी की नावांचा प्रश्न नव्हताच. जसजशी मशीन वाढली तसतशी लोकांनी त्यांना नावं दिली, कारण आकडे लक्षात राहत नाहीत. पण नावं आणि आकडे यांची जोडी ठेवायची कुणी? प्रत्येक ठिकाणी ज्याने त्याने आपापली यादी ठेवली. आपल्या आजोबांच्या फोनशेजारी ती लांबट डायरी असायची ना, पत्रिकेसोबत फुकट आलेली, नंबर खोडून वर नवा लिहिलेला? तसंच. आणि आजोबांच्या डायरीत आत्याचा नंबर एक, काकांच्या डायरीत दुसरा, असंही व्हायचंच.

डिसेंबर १९७३मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टोमधल्या संशोधन केंद्रातल्या पीटर डॉइच यांनी एक छोटी नोंद लिहिली, आरएफसी ६०६. तिचं म्हणणं सरळ होतं. प्रत्येक साइटने आपली वेगळी यादी सांभाळत बसणं हा वेडेपणा आहे, एकाच ठिकाणी अधिकृत यादी ठेवा आणि ती मशीनला वाचता येईल अशी द्या. पुढच्याच महिन्यात, जानेवारी १९७४मध्ये, आरएफसी ६०८ने ती जबाबदारी घेतली. कुणी? कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कमधल्या एसआरआय या संस्थेतल्या नेटवर्क इन्फर्मेशन सेंटरने. लोक त्याला निक म्हणायचे.

हे निक पुढे चालवलं एलिझाबेथ फाइनलर यांनी. सगळे त्यांना जेक म्हणत. १९३१चा जन्म, शिक्षण रसायनशास्त्राचं. कॉम्प्युटरचं नाही! रसायनशास्त्रातली प्रचंड माहिती सूचीबद्ध करण्याचं काम करता करता त्यांना रसायनांपेक्षा माहितीचीच गोडी लागली. १९७२मध्ये डग्लस एंगलबार्ट यांनी, ज्यांनी माऊस बनवला तेच हे, त्यांना आपल्या गटात घेतलं आणि आर्पानेटची पहिली मार्गदर्शक पुस्तिका करायला सांगितली. कुठल्या ठिकाणी कोणतं मशीन आहे, त्यावर काय चालतं, कुणाला विचारायचं, हे सगळं गोळा करायचं होतं. म्हणजे फोन करायचे, पत्रं पाठवायची, पाठपुरावा करायचा. ज्यांनी ऑफिसात ॲसेट लिस्ट अपडेट करायचं काम केलंय त्यांना कळेल हे किती कंटाळवाणं आणि किती महत्त्वाचं असतं.

होस्ट्स डॉट टीएक्सटी ही अधिकृत फाइल याच ऑफिसात राहायची. तुम्ही नवं मशीन नेटवर्कला जोडलं, की निकला कळवायचं. फोन करा, ऑफिसच्या वेळेत, किंवा ईमेल करा. तिथलं माणूस तुमची ओळ फाइलमध्ये घालणार. मग जगभरचे ॲडमिन अधूनमधून एफटीपीने ती फाइल उतरवून घेणार आणि आपल्या मशीनवर ठेवणार. निकच्या त्या मेलबॉक्सचं नाव होतं होस्टमास्टर. आजही कुठल्याही डोमेनचं एसओए रेकॉर्ड काढून बघा, जबाबदार माणसाच्या पत्त्याच्या जागी बऱ्याचदा होस्टमास्टर हाच शब्द दिसतो. मी कित्येक वर्षं तो शब्द नुसता कॉपी-पेस्ट केला, तो कुठून आला असेल असा विचारही केला नाही.

ही पद्धत वाईट नव्हती, हे आधी सांगते. आपण आज हसतो, की अख्ख्या नेटवर्कची यादी एका ऑफिसात, फोनवर! पण ती यादी खरी होती, कारण तिच्यामागे कुणीतरी बसलेलं होतं. तुम्ही चुकीचं काही सांगितलंत तर विचारणारं माणूस होतं. ही व्यवस्था जवळपास दहा वर्षं चालली. तुमची कुठली कॉन्फिगरेशन फाइल इतकी टिकली आहे?

अडचण झाली आकड्यांची. ऑगस्ट १९८१मध्ये यादीत २१३ मशीन होती. दोन वर्षांनी ५६२. आता गंमत बघा. मशीन अडीच पटींहून थोडी जास्त वाढली, म्हणजे फाइल तितकीच मोठी झाली. पण ती फाइल उतरवून घेणारेही तितकेच वाढले. म्हणजे निकवरचा भार अडीच पट नाही, जवळजवळ सात पट. त्यात १ जानेवारी १९८३ला आर्पानेट टीसीपी-आयपीवर गेलं आणि स्थानिक नेटवर्कं जोडली जाऊ लागली. एकेका विद्यापीठात एक मोठं मशीन असायचं, तिथे आता टेबला-टेबलावर वर्कस्टेशन येणार होतं.

शिवाय सगळी नावं एकाच सपाट यादीत. एका विद्यापीठाने आपल्या मशीनला 'मेल' नाव दिलं की दुसऱ्या कुणालाच ते नाव घेता येणार नाही. आणि चुकून दोघांनी एकच नाव ठेवलं तर पत्रं कुणाकडे जातील?

पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती तिसरी अडचण. फाइल सगळीकडे पोचेपर्यंत जुनी झालेली असायची. कुणाकडे आजची, कुणाकडे मागच्या आठवड्याची, कुणी दोन महिने उतरवलीच नाही. मूळ यादी खरी, पण तिच्या नकला कुठे, कोणत्या वयाच्या पडून आहेत याचा हिशोब कुणाकडेच नाही.

यावर काय करायचं म्हणून निरनिराळे प्रस्ताव आले. मरिना डेल रे इथल्या आयएसआय या संस्थेत जॉन पोस्टेल यांनी ते प्रस्ताव आपल्या एका तरुण सहकाऱ्याकडे दिले आणि यातून काहीतरी मध्यममार्ग काढ म्हणून सांगितलं. सहकाऱ्याचं नाव पॉल मॉकापेट्रिस. त्यांनी मध्यममार्ग काढलाच नाही, स्वतःची वेगळीच रचना केली. नोव्हेंबर १९८३मध्ये ती आरएफसी ८८२ आणि ८८३ म्हणून आली. हेच डीएनएस.

कल्पना अशी, की पूर्ण यादी कुणीच ठेवायची नाही. नावाचे तुकडे करायचे. शेवटच्या तुकड्याची जबाबदारी एकाची, त्याच्या आतल्याची दुसऱ्याची. विद्यापीठाच्या आतली नावं विद्यापीठाने सांभाळायची, वरच्याने फक्त "त्यांना विचार" एवढं सांगायचं. आपल्याकडे तलाठ्याला गावातल्या जमिनी माहीत असतात आणि कलेक्टरला कोणता तलाठी कुठे आहे ते माहीत असतं, तसं. आणि नक्कल ठेवायची मुभा होती, पण प्रत्येक नकलेवर मुदत लिहिलेली. तोच टीटीएल! मुदत संपली की नक्कल फेकायची आणि परत विचारायचं. मला विचाराल तर डीएनएसमधली सगळ्यात शहाणी गोष्ट हीच आहे. नकला होणारच हे त्यांनी मान्य केलं, फक्त त्यांना मरणाची तारीख दिली.

पुढचं भराभर सांगते. १९८४मध्ये बर्कलीच्या चार विद्यार्थ्यांनी युनिक्ससाठी बाइंड लिहिलं, ज्याचा वारस आजही असंख्य सर्व्हरवर चालतो. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कॉम, एज्यु, गव्ह, मिल, ऑर्ग ही शेवटची टोकं ठरली. मशीन कुठल्या प्रकारच्या संस्थेचं आहे त्यावरून विभागणी करायची, या विचारात फाइनलर यांच्या गटाचा मोठा हात होता. म्हणजे ज्या ऑफिसची यादी बंद होणार होती, त्याच ऑफिसने नव्या यादीचे कप्पे पाडायला मदत केली.

आपला डॉट इन आला १९८९मध्ये. त्याची नोंदणी बराच काळ मुंबईतून व्हायची, जुहूच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीमधून. २००५मध्ये नियम सैल झाले, कारभार निक्सीच्या रजिस्ट्रीकडे गेला, आणि मग आपल्यासारख्यांनाही थेट डॉट इन नाव घेता आलं.

आता मूळ मुद्दा. डीएनएस आल्यावर होस्ट्स फाइल गेली का? नाही! बदल एका दिवसात झालाच नव्हता, वर्षानुवर्षं दोन्ही शेजारी शेजारी चालले. सर्व्हर सुरू होताना नेटवर्कच नसेल तर स्वतःचं नाव तरी कळावं, म्हणून ती फाइल राहिली. आणि राहिली तीही मानाने. बहुतेक लिनक्स मशीनवर एनएसस्विच नावाच्या फाइलमध्ये क्रम लिहिलेला असतो: आधी फाइल, मग डीएनएस. म्हणजे मॉकापेट्रिसची अख्खी रचना बाजूला, मशीन आधी आजोबांची डायरी उघडतं. तिथे नंबर सापडला की पुढे कुणाला विचारतच नाही.

डिगचं मात्र वेगळं. डिग सरळ डीएनएस सर्व्हरला विचारतं, डायरी बघतच नाही. म्हणून तुमचं ॲप्लिकेशन नेमकं काय बघतंय ते हवं असेल तर डिग नको, गेटएंट होस्ट्स ही कमांड वापरा. ती दोन्हीकडे बघते, त्याच क्रमाने. हे मला माहीत होतं. एक वाजता आठवलं नाही.

ती ओळ मी नोकरीच्या पहिल्या वर्षी लिहिली होती. त्या एका सर्व्हरवर डीएनएसचं उत्तर अडकत होतं, साइट हळू झाली होती, आणि सीनिअरने सांगितलं, तात्पुरता पत्ता होस्ट्समध्ये टाक. टाकला. साइट पळायला लागली. "छान केलंस" म्हणाले. सोमवारी डीएनएसचा मूळ दोष दुसऱ्या टीमने दुरुस्त केला आणि ओळ तशीच राहिली. तीन वर्षं ती कुणालाच दिसली नाही, कारण तीन वर्षं ती खरी होती. तिच्यावर टीटीएल नव्हता. असता तर तो ३०० सेकंदांचा असता.

जुना डेटाबेसही मी फक्त-वाचनावर टाकला नव्हता, परत फिरावं लागलं तर सोपं जाईल म्हणून. त्यामुळे चौथा सर्व्हर पाच तास मुकाट्याने त्यात ऑर्डर लिहीत बसला. तशा ३१२ ऑर्डर निघाल्या. त्या एकेक तपासून नव्या डेटाबेसमध्ये घालायला रविवारची दुपार झाली. त्यातल्या काहींचे पैसे दोनदा कापले गेले होते, कारण ऑर्डर गायब दिसल्यावर लोकांनी परत दिली होती. एका बाईंनी औषधं मागवली होती. त्यांना मी स्वतः फोन केला.

आणि ज्युनिअर. साडेचारला तो अजून कॉलवर होता. मॅनेजरही होते. मी स्क्रीन शेअर केली, ती ओळ दाखवली आणि म्हटलं, ही आद्याक्षरं माझी आहेत, तुझं रेकॉर्ड पहिल्यापासून बरोबर होतं. तो काही सेकंद गप्प होता. मग म्हणाला, "मॅम, मी काढू का ती ओळ?"

त्यानेच काढली. सोमवारी आम्ही दोघांनी बसून सगळ्या सर्व्हरच्या होस्ट्स फाइल तपासल्या. आणखी ११ ओळी सापडल्या, त्यातल्या दोन परत माझ्याच.