खुबा मोडला म्हणजे सगळं संपलं?

आमची आजी मोरीत घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. त्या काळी पायाला वजन टांगून तिला दीड महिना उताणं झोपवून ठेवलं. हाड राहिलं बाजूला, पाठीला जखमा झाल्या, छातीत कफ भरला आणि त्यातच ती गेली. "वय झालं होतं हो," असं सगळे म्हणाले. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं.

मोडलेल्या खुब्यात तीन पात्यांचा खिळा बसवायची पद्धत बॉस्टनच्या डॉ. स्मिथ-पीटरसन यांनी १९२५ मध्येच सुरू केली होती. म्हणजे हाड जोडायची सोय झाली होती. पण हाड जोडलं म्हणजे माणूस घरी गेला असं नाही ना!

ते काम खरं पुढे नेलं एका बाईंनी. १९३५ मध्ये लंडनजवळ आयलवर्थला डॉ. मार्जरी वॉरेन यांच्याकडे शेजारच्या गरीबखान्याच्या दवाखान्यातले सातशेहून जास्त रुग्ण आले. बहुतेक म्हातारे, वर्षानुवर्षं खाटेवर पडलेले. बाईंनी एकेकाला नीट तपासलं. कित्येकांना नक्की काय झालंय, हे आधी कुणी पाहिलंच नव्हतं! मग त्यांना उठवणं, चालवणं सुरू झालं. ज्यांच्यावर फुली मारली होती, त्यातले बरेच घरी गेले. १९४३ मध्ये त्यांनी हे ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिलं.

त्याच दशकात एसेक्समध्ये लायोनेल कोसिन हे सर्जन म्हाताऱ्यांच्या खुब्याचं ऑपरेशन करून त्यांना लवकर पायावर उभं करू लागले. पुढे हेस्टिंग्जला हाडांचे डॉक्टर डेव्हास आणि वृद्धांचे डॉक्टर अर्विन यांनी एकाच वॉर्डात मिळून राउंड घ्यायला सुरुवात केली. साधी गोष्ट आहे, पण दोन डॉक्टरांना एका खाटेपाशी आणणं किती अवघड, हे दवाखान्यात नातेवाईक म्हणून बसलेल्यांना विचारा.

आज आपल्याकडे ऑपरेशन चांगलं होतं, दुसऱ्या दिवशी वॉकरही येतो. पण डिस्चार्जच्या कागदावर काय असतं? गोळ्या आणि पुढची तारीख. घराला जिने किती, संडास खाली बसायचा की कमोड, दिवसा घरात कोण असतं, हे तुमच्या आई-वडिलांच्या वेळी कुणी विचारलं होतं का? खाली जरूर लिहा.