'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' : एका रेघेची राखण

आचार्यास दक्षिणा द्यावी आणि आचाऱ्यास मजुरी. मराठी शिकवणारा शिक्षक ही जोडी कधी ना कधी फळ्यावर लिहितोच. पहिल्या शब्दात रफार डोक्यावर बसतो, दुसऱ्यात तोच र आडवा होऊन य ला चिकटतो. एका रेघेच्या फरकानं गुरूचा स्वयंपाकी होतो. हिंदीत हा आडवा र जवळपास नाहीच. मराठीचं मात्र त्याच्यावाचून पान हलत नाही : दऱ्या, वाऱ्यावर, शेतकऱ्यांना, वऱ्हाड, कुऱ्हाड.

फळ्यावर ही रेघ खडूनं ओढली की काम संपलं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर ती उमटायला निदान चार गोष्टींचं जमावं लागतं. कीबोर्डनं योग्य अक्षरांचे क्रमांक पाठवायचे, अक्षरं जुळवणाऱ्या लायब्ररीनं त्यांचा क्रम लावायचा, फॉन्टनं आकार द्यायचा आणि ज्यात आपण लिहितो त्या प्रोग्रामनं तो जागेवर बसवायचा. हे चारही भाग वेगवेगळ्या माणसांनी, वेगवेगळ्या देशांत लिहिलेले असतात आणि आपापल्या वेळी बदलतात. एक बदलला आणि तीन तसेच राहिले, तर शेतकऱ्यांचा र जागेवर राहील याची हमी कोण देतं? लिनक्सच्या जगात या प्रश्नाचं उत्तर गेल्या तीस वर्षांत हळूहळू घडलं. राजेरजवाड्यांच्या इतिहासात अशा गोष्टी येत नाहीत, पण आपली भाषा आज ज्या पायावर उभी आहे त्या पायाचा हा इतिहास आहे.

लिनस टोरवाल्ड्सनं १९९१ साली लिनक्स जाहीर केलं तेव्हा तो फक्त गाभा होता. त्याभोवती शेकडो प्रोग्राम गोळा करून, एकमेकांशी जुळवून लोकांच्या हाती द्यायचं काम ज्या संस्था आणि समूह करतात, त्यांच्या संग्रहाला डिस्ट्रिब्यूशन म्हणतात. उबुंटू, फेडोरा, डेबियन ही त्यातली ओळखीची नावं. डेबियनची सुरुवात १६ ऑगस्ट १९९३ रोजी इयन मर्डॉक या अमेरिकेतल्या विद्यार्थ्यानं केली. आपल्या सी-डॅकचं 'बॉस' हे लिनक्सही डेबियनवरच उभं आहे.

डिस्ट्रिब्यूशनमधला प्रत्येक प्रोग्राम पॅकेज म्हणून येतो आणि पॅकेजसोबत एक चिठ्ठी असते. 'मला चालायला अमुक पॅकेज लागेल, तेही अमुक आवृत्तीचं किंवा त्यानंतरचं' असं त्या चिठ्ठीत लिहिलेलं असतं. ज्याला हाक मारली त्याचीही स्वतःची चिठ्ठी असते. १९९९ साली डेबियनमध्ये 'ॲप्ट' हे साधन आलं आणि या चिठ्ठ्या वाचून सगळी मंडळी आपोआप गोळा करण्याची सोय झाली. वापरणाऱ्याचे कष्ट वाचले, पण गुंता तसाच राहिला. तो संग्रह सांभाळणाऱ्यांच्या अंगणात गेला, एवढंच. २०२३ साली आलेल्या डेबियनच्या बाराव्या आवृत्तीत ६४ हजारांहून जास्त पॅकेजं होती. एवढ्या चिठ्ठ्या माणसानं डोळ्यांनी जुळवणं शक्य नाही.

पहिलं मोठं पाऊल डिसेंबर २००० मध्ये पडलं. तोवर नवी पॅकेजं 'अनस्टेबल' नावाच्या विभागात येत आणि पक्की आवृत्ती काढायची वेळ आली की सगळा कारभार थांबवून दुरुस्त्या करत बसावं लागे. अँथनी टाऊन्स यांनी मध्ये एक नवा उंबरठा घातला. त्याचं नाव 'टेस्टिंग'. पॅकेज आधी अनस्टेबलमध्ये काही दिवस राहणार : घाई असेल तर दोन, मध्यम असेल तर पाच, नाहीतर दहा. तेवढ्यात गंभीर दोषाची नवी तक्रार आली नाही आणि पॅकेज सगळ्या प्रकारच्या यंत्रांसाठी बांधता आलं, तर ते पुढे जाण्यास पात्र. पण उंबरठ्यावर बसलेली 'ब्रिटनी' नावाची स्क्रिप्ट आणखी एक प्रश्न विचारते : याला आत घेतलं तर आधीपासून आत असलेलं एखादं पॅकेज बसवता येईनासं होईल का? उत्तर 'हो' असेल तर पाहुणा बाहेर.

हा प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही. युरोपीय आयोगाच्या निधीतून २००४ ते २००७ या काळात चाललेल्या 'एडॉस' प्रकल्पातल्या संशोधकांनी दाखवलं, की पॅकेज बसवता येईल की नाही हे ठरवणं 'एनपी-कम्प्लीट' वर्गातलं कोडं आहे. म्हणजे प्रत्येक वेळी झटपट उत्तर देईल अशी सर्वसाधारण रीत आजवर कुणालाच सापडलेली नाही. व्यवहारात मात्र संग्रहातली कोडी इतकी वाकडी निघत नाहीत. त्यामुळे याच संशोधनातून निघालेली साधनं हजारो पॅकेजांच्या चिठ्ठ्या झपाट्यानं तपासू शकतात.

तरीही एक प्रश्न उरला. लग्न जमलं म्हणजे संसार नीट चालेल असं नाही. दोन पॅकेजांच्या चिठ्ठ्या जुळल्या, दोन्ही बसली, पण एकानं आपली आतली वागणूक बदलली आणि दुसरं गप्प पडलं, तर? २००५ साली लार्स विर्झेनियस यांनी 'पियूपार्ट्स' लिहिलं. ते पॅकेज एका कोऱ्या जागेत बसवतं, अद्ययावत करतं, काढून टाकतं आणि मागे काही कचरा राहिला का ते पाहतं. २००६ च्या सुमारास इयन जॅक्सन यांनी 'ऑटोपीकेजीटेस्ट'ची सुरुवात केली. ते पॅकेज बसवून झाल्यावर प्रत्यक्ष चालवून बघतं. पुढे या चाचण्यांना उंबरठ्यावरच्या निर्णयात जागा मिळाली, आधी उबुंटूमध्ये आणि मग डेबियनमध्ये. डेबियनसाठी या चाचण्या सतत चालवणारी व्यवस्था ब्राझीलच्या अँतोनियो तेर्सेइरो यांनी २०१४ साली उभी केली. २०१८ पासून डेबियनची ब्रिटनीही या निकालांकडे बघून पॅकेज लवकर सोडायचं की अडवून धरायचं हे ठरवू लागली.

यातली खरी कल्पना अशी, की लायब्ररी बदलली तर चाचणी फक्त त्या लायब्ररीची होत नाही. तिच्यावर विसंबलेल्या पॅकेजांच्या चाचण्याही नव्या लायब्ररीसोबत पुन्हा चालवल्या जातात. काल पास झालेली चाचणी आज नापास झाली, तर दोष बदलात आहे असं धरून बदलाला थांबवलं जातं. ज्यानं बदल केला त्यानं उत्तर द्यायचं. जो वापरतो त्यानं सोसायचं नाही.

आता पुण्याकडे येऊ. २००४ साली रेड हॅट कंपनीनं 'लोहित' नावाचे भारतीय लिप्यांचे फॉन्ट मुक्त परवान्याखाली खुले केले. ते मूळ पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे. फॉन्ट आला, पण अक्षरं जुळवण्याचं काम त्या काळी लिनक्सवर निदान तीन ठिकाणी वेगवेगळं लिहिलेलं होतं : एक पॅंगोमध्ये, एक क्यूटीमध्ये आणि एक आयसीयूमध्ये. म्हणून एकाच यंत्रावर एका खिडकीत बरोबर दिसणारा शब्द दुसऱ्या खिडकीत मोडलेला दिसू शके. हा घोळ मिटवणाऱ्या लायब्ररीचं नाव 'हार्फबझ'. उर्दू जाणणाऱ्याला हे नाव लगेच उमगेल. फारसीत हर्फ म्हणजे अक्षर आणि बाज़ म्हणजे उघडं, खुलं. ती नव्यानं लिहिली मूळच्या इराणी बेहदाद इस्फहबोद यांनी. २०१३ साली लिब्रेऑफिसनं लिनक्सवर हार्फबझ स्वीकारलं. आज फायरफॉक्स, क्रोम आणि अँड्रॉइड याच लायब्ररीवर अवलंबून आहेत.

तीन जागचं काम एका जागी आलं, हे चांगलं झालं. पण धोकाही एका जागी आला. पूर्वी एक खिडकी बिघडे. आता हार्फबझमध्ये चूक झाली तर सगळ्या खिडक्या एकदम बिघडणार. म्हणून तिथं चाचण्यांवर भर दिला गेला. विकिपीडियातून गोळा केलेले देवनागरीचे सात लाखांहून जास्त शब्द हार्फबझकडून जुळवून घेतले गेले आणि मायक्रोसॉफ्टच्या अक्षरजुळणीशी ताडून पाहिले गेले. रेड हॅटच्या भाषाविभागातल्या अभियंत्यांनी तयार केलेला भारतीय लिप्यांचा संदर्भसंचही हार्फबझच्या चाचण्यांत आहे. नोव्हेंबर २०११ मध्ये पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात फेडोराचा मेळावा भरला, तो याच काळातला. पुढे लोहित देवनागरीची नव्यानं बांधणी झाली, तेव्हा फॉन्टच्या मूळ फाइलींसोबतच चाचणीचे शब्द आणि त्यांची अपेक्षित रूपं ठेवली गेली. विकिपीडियावर लेख लिहिणाऱ्यांना कल्पनाही नसेल, पण त्यांचे शब्द पहारेकरी होऊन उभे राहिले.

या पहाऱ्याला मर्यादाही आहेत, आणि त्या समजून घ्यायला आपल्याकडे एक जुनी परंपरा आहे. हदीसच्या अभ्यासात मत्न आणि सनद अशा दोन बाजू असतात. मत्न म्हणजे सांगितलेली गोष्ट, सनद म्हणजे ती कुणी कुणाकडून ऐकली त्याची साखळी. इमाम बुखारी (८१०-८७०) यांच्या काळापर्यंत साखळीतल्या प्रत्येक रावीची चौकशी करण्याचं शास्त्र चांगलंच विकसित झालं होतं. तो खरं बोलणारा होता का, त्याची स्मरणशक्ती कशी होती, ज्याचं नाव घेतो त्याला तो भेटला तरी होता का? एक कडी कच्ची निघाली तर रिवायत ज़ईफ ठरते. स्वयंचलित चाचणी मत्न तपासते. सनद तपासणं तिच्या आवाक्यात नाही.

हे २०२४ साली ढळढळीत दिसलं. फाइल लहान करणाऱ्या 'एक्सझेड' या साध्याशा पॅकेजात 'जिया टॅन' असं नाव लावणाऱ्या कुणीतरी दोनेक वर्षं निमूटपणे काम करून विश्वास कमावला आणि मग ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदार बसवलं. दुरून कॉम्प्युटरमध्ये शिरण्याचा अधिकृत दरवाजा, म्हणजे एसएसएच, काही डिस्ट्रिब्यूशनमध्ये दूरच्या नात्यानं याच पॅकेजावर विसंबून होता. घातक मजकूर लपवला होता तो चक्क चाचणीसाठी ठेवलेल्या फाइलींमध्ये. डेबियनच्या अनस्टेबल आणि टेस्टिंग विभागांत तो पोचलाही. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं. त्यांनी छडा लावला आणि २९ मार्चला सगळ्यांना सावध केलं. पक्क्या आवृत्तीपर्यंत तो मजकूर गेला नाही. यंत्राची चाचणी 'काल चालत होतं ते आज चालतं का' एवढंच विचारते. रावी कसा आहे, हे माणसालाच बघावं लागतं.

दुसरी मर्यादा आपल्या जास्त जवळची आहे. जो धडा प्रश्नपत्रिकेत येत नाही तो मुलं वाचत नाहीत. तसं ज्या शब्दाची चाचणी कुणी लिहिली नाही तो मोडला तरी यंत्र 'पास' म्हणतं. एकच उदाहरण देतो. मराठीचा ऱ आणि उर्दू शब्दांसाठी आपण वापरतो तो ज़, दोन्ही नुक्त्याची अक्षरं. दोन्ही युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतात, एका क्रमांकानं किंवा मूळ अक्षर अधिक नुक्ता. मजकूर एकरूप करण्याच्या युनिकोडच्या रूढ नियमानुसार ऱ चं एकच अक्षर होतं, ज़ ची मात्र दोन होतात. ही उलटसुलट तऱ्हा ठाऊक नसलेल्या प्रोग्राममध्ये 'ग़ज़ल' शोधली तर समोर असूनही सापडत नाही. शिवाय आडवा र दोन रीतींनी टाइप होतो, थेट ऱ नं किंवा र ला हलंत आणि अदृश्य जोडचिन्ह देऊन. दोन्ही रीतींनी 'शेतकऱ्यांना' सारखंच दिसायला हवं. या खोडी हिंदीवाल्याला सुचतीलच असं नाही आणि इंग्रजीवाल्याला तर नाहीच.

आमच्या नायगावसारख्या गावात एकाच बैठकीत मराठी, उर्दू आणि तेलुगू शब्द फिरतात. एकाच निबंधात आम्हाला 'वऱ्हाड' लागतं, 'ग़म' लागतं आणि शेजारच्या ओळीत नस्तालिकमधला मिसराही लागतो. असा मिश्र मजकूर लिहिणारे आपणच असू, तर त्याच्या चाचणीचे शब्दही आपल्याकडूनच जायला हवेत. त्यासाठी प्रोग्रामिंग यायलाच हवं असं नाही. शब्द मोडलेला दिसला की 'कॉम्प्युटरला मराठी जमत नाही' म्हणून सोडून द्यायचा नाही. त्या फॉन्टच्या किंवा प्रोग्रामच्या तक्रारनोंदीत तो टाकायचा. नुसता पडद्याचा फोटो पुरत नाही. शब्द टाइप केला तसाच द्यावा, फॉन्टचं नाव आणि आवृत्ती द्यावी, प्रोग्रामची आवृत्ती द्यावी आणि तो दिसायला कसा हवा हे सांगावं. दोष दुरुस्त झाला की तोच शब्द बहुतेक वेळा चाचण्यांच्या यादीत जातो. मग पुढच्या प्रत्येक बदलाच्या वेळी कुठल्यातरी देशातलं एक यंत्र तो नायगावचा शब्द पुन्हा एकदा जुळवून बघतं.