मूळ रूप म्हणजे कुठलं?

रविवारी फोन उचलत नाही म्हणून नातेवाईक रागावलेत. तर खुलासा असा, की दादांची फियाट पुन्हा रस्त्यावर आणायचं काम चालू आहे आणि ग्रीसच्या हातांनी फोन घेता येत नाही.

आरसी बुकावर ती 'प्रीमियर पद्मिनी' आहे, १९७७ ची. 'पद्मिनी' हे नाव १९७४ पासूनचं. पण आमच्या घरात तिला कुणी पद्मिनी म्हटल्याचं मला आठवत नाही. फियाट म्हणजे फियाट.

गेल्या महिन्यात दरवाजाच्या आतला रंग खरवडला. वर निळा, जो आपल्या सगळ्यांना आठवतो. त्याखाली राखाडी. त्याच्याही खाली फिकट पिवळा, म्हणजे दादांनी १९८३ साली जुनी म्हणून घेतली त्याच्याही आधीचा. पेंटरने विचारलं, "साहेब, ओरिजिनल कुठला मारू?" प्रश्न साधा होता. मला उत्तर देता येईना.

मग वाटलं, या गाडीत 'ओरिजिनल' म्हणावं असं आहे तरी काय?

वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. सुरुवात क्रायस्लर या अमेरिकन कंपनीच्या मदतीने झाली, आणि १९५१ मध्ये इटलीच्या फियाटशी करार झाला. पन्नाशीच्या दशकात आली ती गोलमटोल गाडी, जिला लोक लाडाने 'डुक्कर फियाट' म्हणत. आमच्या गाडीचं मॉडेल आलं १९६४ मध्ये, तेव्हा नाव होतं 'फियाट ११०० डिलाइट'. हेच मॉडेल इटलीत १९६६ मध्ये बंद झालं. कुर्ल्यात मात्र ते २००० सालाच्या आसपासपर्यंत बनत राहिलं. तेच १०८९ सीसीचं इंजिन आणि तोच आकार. तीस-पस्तीस वर्षं!

याचं कारण काही गाडीवरचं प्रेम नव्हे. परदेशी गाड्यांच्या आयातीवर बंदी होती, कारखान्याने किती गाड्या काढायच्या तेही सरकार ठरवायचं. नव्या गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती आली तेव्हा कुठे चित्र बदलायला लागलं. तोपर्यंत हातातली गाडी टाकून देणं परवडणारंच नव्हतं. सिलिंडर झिजला की बोअर करायचा, ब्रेकला नवं लायनिंग लावायचं, पत्रा सडला की तेवढाच कापून दुसरा जोडायचा. घाटात इंजिन तापून पेट्रोल पोचेनासं झालं की पंपावर ओलं फडकं टाकायचं. (माईला खंबाटकी आठवत असेल. तिचा नवा पंचा गेला होता त्यात.) कारखान्याने सगळ्या गाड्या एकसारख्या काढल्या असतील, पण दहा वर्षांनी प्रत्येक फियाट वेगळी झालेली असायची, आपापल्या मिस्त्रीप्रमाणे.

आमचे मिस्त्री म्हणजे चाचा. गाडी खालून बघताना ड्रायव्हरच्या पायाशी जाड वेल्डिंग केलेला एक ठिगळाचा पत्रा दिसला. ओबडधोबड. मी म्हटलं, हे काढून नवा फ्लोअर टाकू. चाचा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हा पत्रा आमच्या अब्बांनी मारलेला. बघा, अजून गंज नाही." त्याच्या आजूबाजूचा कंपनीचा पत्रा मात्र चाळण झालेला होता.

सगळं कारखान्यासारखं ठेवायचं म्हटलं तर गाडी चालणारही नाही. ही इंजिनं शिसं घातलेल्या पेट्रोलच्या जमान्यातली. त्या शिशामुळे एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटला संरक्षण मिळायचं. शिसं २००० साली बंद झालं, म्हणून हेड उघडलंय तर कडक धातूच्या सीट बसवून घेतल्या. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या रबराला ते सोसत नाही, म्हणून पेट्रोलच्या नळ्या आणि पंपाचा पडदा बदलला.

मध्ये एक मोहही झाला. २०२१ च्या नियमानुसार पन्नास वर्षांवरची गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते, नंबरातही तशी वेगळी अक्षरं मिळतात. आपली २०२७ मध्ये पन्नाशी गाठेल. पण अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, चॅसी, बॉडी, इंजिनात मोठा बदल झालेला नको. आणि एकदा तशी नोंद झाली की रोजच्या कामाला वापरायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढंच.

हा नियम चुकीचा आहे असं नाही. बड्या संग्रहातल्या गाड्यांसाठी तो ठीकच आहे. पण आमची गाडी तशी कधी नव्हतीच. मुंबईतल्या टॅक्सी बघा. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंद २९ ऑक्टोबर २००३ ची, आणि वीस वर्षांची मुदत संपली तेव्हाच, २०२३ मध्ये, ती रस्त्यावरून गेली. वीस वर्षं रोज धावली ती काही मूळ रूपात राहून नव्हे. कुणीतरी सतत हात लावत होतं म्हणून.

तेव्हा ठरवलं, की व्हिंटेजच्या फंदात पडायचं नाही. दर पाच वर्षांनी पासिंग करून साधीच नोंदणी चालू ठेवायची. फ्लोअरचा सडलेला भाग नवा, अब्बांचा ठिगळ तसाच. रंग निळा. पिवळा जास्त 'खरा' असेल, पण त्या पिवळ्या गाडीत आपल्यापैकी कुणीच बसलेलं नाही.

डिकीच्या आतल्या कोपऱ्यात मात्र वीतभर जागा खरवडलेलीच ठेवायला सांगितलीय. तीनही थर दिसतील अशी.

असो. गणपतीला गावी येताना फियाट घेऊनच येतो. ओलं फडकं बरोबर ठेवलंय.