आडनावाच्या मागे चालताना



वारीत दोन वारकरी भेटले की आधी एकमेकांच्या पाया पडतात. नाव-गाव विचारायची वेळ नंतर येते, पुष्कळदा येतही नाही. मग आडनावाचे मूळ शोधण्याचा विषय आपल्या मासिकात कशासाठी, असे कोणी विचारील. संतांनी कुळाचा अभिमान सोडायला सांगितला, पूर्वजांना विसरायला सांगितले नाही. भानुदासांचे नाव घेतल्यावाचून एकनाथ महाराजांचे चरित्र सुरू होत नाही. तुकोबारायांच्या चरित्रात विश्वंभरबाबा येतातच. त्याच चरित्रात आणखी एक गोष्ट आपण वाचतो आणि पुढे जातो : तुकोबांचे कूळ मोरे आणि आडनाव आंबिले. कूळ एक, आडनाव दुसरे. आजच्या विषयाची किल्ली इथेच आहे.

ती नीट समजून घ्यायची तर पोहरादेवीला चला. वाशीम जिल्ह्यात मानोरा तालुक्यातले हे गाव म्हणजे बंजारा समाजाची काशी. इथे जगदंबा देवीचे ठाणे आहे आणि संत सेवालाल महाराजांची समाधी. १५ फेब्रुवारी १७३९ ही महाराजांची जन्मतिथी म्हणून समाज पाळतो. रामनवमीच्या यात्रेला महाराष्ट्रातून, तेलंगणातून, कर्नाटकातून तांडेच्या तांडे येतात. त्या गर्दीत ‘राठोड’ अशी हाक मारा, किती माणसे वळून पाहतील याचा नेम नाही! चव्हाण, पवार, जाधव, आडे यांचेही तेच. मग एवढ्या राठोडांत आपले घराणे कोणते, हे आडनावावरून कसे कळावे?

कळत नाही, कारण इथे ‘राठोड’ हे आडनाव होण्याआधी कुळाचे नाव होते. बंजारा माणूस बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून देशभर फिरत होता, तेव्हा त्याला आडनावाची गरज नव्हती. तांडा नायकाच्या नावाने ओळखला जाई आणि माणूस त्याच्या गोताने. १८६० च्या दशकात वऱ्हाडात रेल्वे आली, सडका झाल्या, बैलांवरचा व्यापार बसला आणि तांडे एका जागी स्थिरावत गेले. पुढे शाळेत, तलाठ्याच्या दप्तरात नाव लिहायची वेळ आली, तेव्हा बहुतेकांच्या नावापुढे कूळच आडनाव म्हणून लागले. कोणाच्या नावापुढे पद लागले. वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ या काळात महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. पुसद तालुक्यातल्या गहुलीचे हे घराणे मूळचे राठोड कुळाचे. तांड्याच्या नायकीवरून ते नाईक झाले. तेलंगणात गेलात तर आपल्याकडच्या राठोडांचे भाऊबंद ‘भूक्या’ असे आडनाव लावताना भेटतील, आणि कर्नाटकात काही घरांचे आडनाव ‘लमाणी’ आहे. म्हणजे रक्ताचे नाते एक आणि कागदावरची आडनावे तीन.

म्हणून माउली, शोधाला बसताना पहिल्याच पानावर चार रकाने आखा : कूळ, गोत, पद आणि गाव. राठोड हे कूळ. त्याच्या पोटातले रामावत हे गोत. सेवालाल महाराज या रामावतांपैकी. ‘आवत’, ‘ओत’ असे शेवट राजस्थानी वळणाचे असून त्यांचा अर्थ ‘अमक्याचे वंशज’ असा होतो. म्हणजे गोताच्या नावातच एका पूर्वजाचे नाव जपलेले असते. आडनाव कुळापर्यंत नेते, घराण्याच्या जवळ गोत नेते. तुम्ही बंजारा नसलात तरी हे चार रकाने उपयोगी पडतील. पाटील, कुलकर्णी, देशमुख ही पदे आहेत. ‘कर’ लागलेले आडनाव बहुधा गाव सांगते.

आता वही कुठून भरायची? घरातल्या सगळ्यांत वयस्कर माणसापासून. वडील, आजोबा, पणजोबा यांची नावे विचारा. कोणत्या तांड्यातून कोणत्या तांड्यात आलो आणि त्या वेळी नायक कोण होता, तेही विचारा. आजीला विसरू नका. कागदावर बाईचे माहेर क्वचितच लिहिलेले असते, पण तिला आपल्या आईचे माहेरही तोंडपाठ असते. राठोडाची सोयरीक राठोडाकडे होत नाही, या रीतीमुळे लग्न जुळवणाऱ्या म्हाताऱ्या बायकांना गोतांची माहिती ठेवावीच लागे. त्यानंतर भाट आणि ढाडी यांच्याकडे जा. वंशावळ गाऊन सांगणे हे त्यांचे पिढीजात काम. त्यांचे सांगणे जसेच्या तसे लिहून घ्या आणि त्यांचा मान राखा.

मग कागद. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात आजोबांचे नाव, गाव आणि जात सापडते. विदर्भात जन्म-मृत्यूच्या नोंदींचे कोतवाल बुक असते. जमीन असेल तर सातबारा आणि जुने फेरफार वारसांची साखळी दाखवतात. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ ला वेगळा झाला, त्याआधी तो अकोला जिल्ह्यात होता. म्हणून जुन्या कागदाचा माग अकोल्यापर्यंत न्यावा लागू शकतो. जातीच्या रकान्यात बंजारा, लमाण, लभाण यांपैकी काहीही लिहिलेले असेल. ते सगळे टिपून ठेवा. वंजारी हा मात्र वेगळा समाज आहे, नावातल्या सारखेपणाने फसू नका. हे काम केवळ हौसेचे नाही. विमुक्त जातीच्या दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा मागतात, आणि तांड्यावरच्या कितीतरी लेकरांचे शिक्षण त्या एका जुन्या कागदापाशी अडते.

एक मोह मात्र टाळा. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात एक हकीकत आहे. साधारण १६३० च्या सुमारास आसफखानाच्या फौजेला रसद पुरवत बंजाऱ्यांचे नायक दख्खनेत आले. राठोड कुळाचे भंगी आणि जंगी यांच्याजवळ १ लाख ८० हजार बैल होते, तर वडतिया कुळाच्या भगवानदासांजवळ ५२ हजार. असे वाचले की प्रत्येक राठोडाला वाटते, आपण थेट जंगी नायकाचे! पण पंचवीस वर्षांची एक पिढी धरली तर मध्ये पंधरा-सोळा पिढ्या येतात. त्यांतली चार नावे ठाऊक नसताना वरच्या टोकाला जाऊन बसणे म्हणजे पायऱ्या न चढता कळसाला हात लावणे. खालून वर चला. दोन ठिकाणांहून जुळलेले नाव शाईने लिहा, ऐकीव नाव पेन्सिलीने.

वर चढताना राजा सापडेलच असे नाही. बैलांमागे चालणारा, दुष्काळात अर्धपोटी राहणारा, कोणत्याही ग्रंथात नाव नसलेला माणूस सापडेल. १८७१ च्या कायद्याने फिरत्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारण्याची रीत सुरू झाली. तो कायदा १९५२ मध्ये गेला, तरी पुष्कळ घरांतले म्हातारे मागचे बोलायला अजून कचरतात. त्यांना घाई करू नका. शेजारी बसा, पाय चेपा, ते बोलतील.

अशी वही भरत गेली की अभिमानापेक्षा ऋणाची जाणीव वाढते. तेलंगणातला भूक्या आणि मानोऱ्याचा राठोड एकाच गोताचे निघाले की यात्रेत परके वाटणारे माणूस भाऊ होते. आपल्याला वारीत पाया पडताना जे नाते न विचारता कळते, तेच इथे विचारून कळते. तेव्हा पुढच्या रामनवमीची वाट पाहू नका. घरात ऐंशीच्या पुढचे कोणी असेल तर आजच हरिपाठ झाल्यावर वही घेऊन त्यांच्यापाशी बसा, आणि पहिले नाव त्यांच्या आईचे विचारा.

राम कृष्ण हरी.